येसूबाईची चादर

"पेटीत किती कार्डं हायत रं ही? ऑर्डरीतली तर न्हाईत." मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबर मल्लप्पाअण्णांनी पत्र्याची पेटी उघडली आणि जालिंदरच्या तोंडचं पाणी पळालं.

"तीनशे बारा. पर समदी वाया गेलेलीच हायत अण्णा. जुनी भोकं कागद डकवून बुजवली, मग नवी पाडली."

"कशापायी?"

चादरींच्या त्या कारखान्यात जालिंदर चौदा वर्षं कार्डं पाडत होता. ग्राफ पेपरवरची एकेक ओळ पुठ्ठ्याच्या एकेका कार्डावर उतरवायची. भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. मोर, कमळ, वेलबुट्टी, सगळं त्याच्या हातून भोकं होऊन मागावर जायचं. बरं, काम सुटलं तरी खोड सुटत नव्हती. चहाच्या टपरीवर बसला की सिगारेटच्या पाकिटावर चौकोन आखून तो लोकांना आकड्यांची कोडी घालायचा. लोक त्याला येताना पाहूनच बाकडं बदलायचे. पण गेली तीन वर्षं एकाच कोड्यानं त्याला पछाडलं होतं, ते म्हणजे आईचा चेहरा.

येसूबाई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तिचा फोटो एकही नव्हता. ती नीट आठवणारं माणूस एकच उरलं होतं, कुंभारी गावची शालनमावशी, आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दर सुट्टीला जाऊन तो विचारायचा, "कपाळ केवढं हुतं गं? हनुवटी टोकदार का गोल?" घरी येऊन चौकोन भरायचा, खोडायचा, पुन्हा भरायचा. मावशीला दिसेनासं व्हायच्या आत चेहरा पुरा व्हायला हवा होता. नाहीतर तो बरोबर की चूक, हे सांगायला जगात कोणीच उरणार नव्हतं.

हे सगळं त्यानं अडखळत सांगितलं. मल्लप्पाअण्णा म्हणजे जमदग्नीचा अवतार. नोकरी गेलीच, असं जालिंदर धरून चालला. अण्णांनी पेटीचं झाकण लावलं.

"सुट्टीच्या दिशी सकाळच्याला ये. शेठला मी इचारतो. उरलेलं सूत हाय, पांढरं आन् तपकिरी. तेवड्यात बसव."

या माणसाचे उपकार कसे फेडावेत ते जालिंदरला कळेना.

सुट्टीच्या दिवशी अण्णांनी स्वतः माग चालवला. तपकिरी जमिनीवर बोटाबोटानं पांढरा चेहरा वर येत गेला. "नाक तुज्यावानीच हाय की," अण्णा म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी शेठच्या मुलाचंही कधी केलं नव्हतं.

दुपारी कुंभारीला जालिंदरनं बाजेवर चादर पसरली. मावशी इतकी वाकली की नाक कापडाला टेकलं.

"अगं बाई, आक्काच की!" ती म्हणाली. मग तिचं बोट गालाशी थांबलं. "पर गोंदण हिकडं कसं? तिचे तीन ठिपके डाव्या गालावर हुते."

चौदा वर्षांत कधी न झालेली चूक! उत्साहाच्या भरात कार्डं दोरीत ओवताना त्यानं मागची बाजू पुढं केली होती, आणि सगळा चेहराच डावीकडून उजवीकडे फिरला होता.

"नासलं मावशे. समदं नासलं."

"आरं, उलटी तरी करून बघ."

त्यानं चादर उलटली. पाठीमागं रंगांची अदलाबदल झालेली होती. पांढऱ्या जमिनीवर तपकिरी चेहरा, आणि तीन ठिपके डाव्या गालावर.

मावशी पदरानं डोळे टिपून म्हणाली, "ही बघ आक्का. सावळीच हुती रं ती. तू उगंच गोरी केलतीस."

जालिंदरला हसू आलं. अण्णांचे उपकार होतेच. आता त्या चुकीचेही मानावेत असं त्याला वाटलं.

"मावशे, टेक की बाजेवर. किती येळ हुबी ऱ्हाशील?"

मावशीनं बाजेकडे पाहिलं. चादरीवरची एक सुरकुती हातानं सारखी केली, आणि थोरल्या बहिणीसमोर बसावं तशी ती खाली जमिनीवर बसली.