बारूदवाले

"हात नक्को लगा!"

चांदपाशा एवढ्या मोठ्यानं ओरडला, की शिडीवर उभ्या असलेल्या जुलेखाबीचा पाय निसटता निसटता राहिला. उभ्या संसारात हा माणूस बायकोवर कधी ओरडला नव्हता. ओरडायची त्याची जागा रानात होती, घरात त्याचा आवाज मांजरापेक्षा मोठा नसे.

माळ्यावरची तांब्याची देग खाली घ्यायची होती. येत्या जुम्म्याला धाकट्या निखतचा निकाह होता आणि जुलेखाबीच्या माहेरून आलेली ही देग घरात लग्न असलं तरच खाली उतरायची. थोरलीच्या लग्नानंतर ती माळ्यावरून खाली आलीच नव्हती. आज तिच्यातलं जुनं पोतं उपसलं, तर तळाशी दूधपावडरीचा गंजका डबा निघाला. जुलेखाबीनं झाकण काढून आत पाहिलं आणि म्हणाली होती, "अजी, इसमें वायरां हैं."

चांदपाशानं तिला खाली उतरवलं आणि दुखऱ्या पायानं स्वतः शिडी चढला. ओल्या बाळंतिणीच्या कुशीतलं मूल उचलतात तसा दोन्ही हातांनी डबा उचलून त्यानं तो खाली आणला. आत जुन्या फडक्यात तीन चकचकीत नळ्या होत्या, पेन्सिलीएवढ्या, आणि प्रत्येकीला वायरींचं शेपूट. तोटे. विहिरीच्या सुरुंगाचे.

"कायके हैं?" जुलेखाबीनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

चांदपाशानं नळ्या पुन्हा फडक्यात गुंडाळल्या.

जवानीपासून त्यानं विहिरींना सुरुंग लावले होते. परवाना ठेकेदाराचा, कंप्रेसरचा ट्रॅक्टर ठेकेदाराचा, जीव मात्र चांदपाशाचा. खडकात भोकं पाडून झाली, की तो सगळ्यांना लांब पिटाळायचा, गुरं मोजायचा, बायका-पोरं मोजायचा आणि मग "भागोऽऽ" अशी आरोळी ठोकायचा. वसमतपासून सिद्धेश्वर धरणापर्यंत कितीतरी विहिरींच्या तळाला त्याच्या सुरुंगाच्या खुणा होत्या. लोकांनी त्याला नाव दिलं, बारूदवाले. घराला बारूदवाल्यांचं घर म्हणू लागले. थोरलीच्या लग्नपत्रिकेवर तर 'चांदपाशा बारूदवाले' असं छापलंच होतं आणि तो ती पत्रिका चारचौघांत मिरवायचा. निखतच्या पत्रिकेतून मात्र पुण्यात गाडी चालवणाऱ्या मुलानं, आरेफनं, तो शब्द गाळला. जागा कमी पडली म्हणाला. चांदपाशानं फार विचारलं नाही.

बाजारात भाजी विकणारी जनकाबाई मात्र त्याच नावानं हाक मारायची. तिच्या कोरडवाहू तुकड्यात सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली, खडक लागला, सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा चांदपाशाच्या सुरुंगानं पाणी लागलं होतं. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस नीट दिसत नसे, पण त्याच्या लंगड्या चालीवरून ती त्याला ओळखायची. "ओ बारूदवाले भाऊ!" अशी हाक आली, की हा दुरूनच "ओ बाई!" म्हणायचा, आणि मेथीची एक जुडी त्याच्या पिशवीत पडायची. "तुमच्याच हिरीच्या पाण्याची हाय, घ्या," म्हणायची.

शेवटची विहीर तांड्यावरच्या रतनसिंगची. त्या संध्याकाळी उरलेले तोटे परत न्यायला ठेकेदाराची जीप आलीच नाही. उघड्यावर ठेवावेत तर ओल लागेल, खाली ठेवावेत तर मुलं हात लावतील, म्हणून चांदपाशानं ते देगेत ठेवले. रात्रीपुरते. सकाळी उठून रतनसिंगच्या विहिरीत उतरताना दोर निसटला, मांडीचं हाड मोडलं, पुढचे कित्येक महिने दवाखाना झाला. ठेकेदारानं धंदा मोडला. डबा राहिला तो राहिलाच. माणूस विसरतो. पण विसरलो म्हणायची मुभा आपल्याला आहे का, याची चांदपाशाला खात्री नव्हती.

कारण पोलीस ठाण्यातला जमादार कालच येऊन गेला होता.

कुठल्या तरी लांबच्या मोठ्या शहरात स्फोट झाला आणि दोन दिवसांत या गल्लीत घरोघर चौकशी सुरू झाली. भाडेकरू कोण, बाहेरगावी शिकायला कोण, परदेशात कामाला कोण, घरी पाहुणे येतात ते कुठले. जमादार वैजनाथ माणूस भला होता. चपला बाहेर काढून बसला, चहा प्यायला. त्याच्या बापाच्या विहिरीलाही चांदपाशानंच सुरुंग लावले होते.

"चाचा, वरून आदेश हाय," तो खाली बघत म्हणाला. "जुन्या सुरुंगवाल्यायकडं इच्यारपूस करा म्हनून. तुमच्याकडं कै उरलंसुरलं तर न्हाई न?"

"न्हाई."

"बगा बरं. मागून कै निघालं, तर माज्या हातात कै राहनार न्हाई."

"लेकीची शपत, न्हाई," चांदपाशा म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता. आत निखत मेंदीचे कोन मोजत होती.

ती शपथ काल खरी होती. आज खोटी झाली. आता हा डबा घेऊन ठाण्यात जावं, तर पहिला प्रश्न हाच की काल का नाही सांगितलंस? आणि त्याच्या पुढचे प्रश्न कुठवर जातात, ते गल्लीला ठाऊक होतं. मागच्या गल्लीतला मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा असाच एका दुपारी 'जरा विचारायचंय' म्हणून नेला होता. कोर्टातून निर्दोष सुटून तो परत आला तेव्हा आई मातीत गेली होती, बहिणीची सोयरीक मोडली होती आणि दुकानात दुसऱ्याचं सलून होतं. कुणी त्याला सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

"पूर्णामें डाल देव," जुलेखाबी कुजबुजली. घरात तिसरं कुणी नव्हतं. निखत मावशीकडे गेली होती. तरी दोघं कुजबुजत होती.

"मच्छीवालोंके जाल में आये तो?"

"तो गाड देव कहीं."

चांदपाशानं मान हलवली. एकदा रानात पडलेला असला तोटा एका मजुराच्या बायकोनं दगडानं ठेचून पाहिला होता. तांबं निघेल म्हणून. चांदपाशानंच तिला उचलून ट्रॅक्टरमध्ये घातलं होतं, आणि तिच्या हाताकडे बघवलं नव्हतं. तेव्हापासून काम संपलं की तो तोटे दोनदा मोजायचा. आपली लेक वाचावी म्हणून दुसऱ्याच्या लेकीच्या वाटेत हे टाकून यावं, हे त्याच्यानं होणार नव्हतं. पण घरात ठेवणंही होणार नव्हतं. गल्लीतून मोटरसायकल गेली तरी तो दाराकडे बघायचा. दोनदा तो उठला आणि दाराची कडी नीट लागली आहे का, ते पाहून आला.

शेवटी त्यानं रतनसिंगला फोन लावला. लावण्याआधी काय बोलायचं ते मनात घोकलं. फोनवर कुठले शब्द बोलायचे नाहीत, हे गल्लीत आता लहान पोरांनाही कळत होतं.

"रतनभाऊ, जरा घरी येऊन जा."

"काहून?" तिकडून रतनसिंगचा गडगडाटी आवाज आला. त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "अचानक कशी याद आली बारूदवाल्याला? कुटं सुरुंग उडवायचा हाय का?"

चांदपाशानं फोन बंद केला. मागचं झाकण उघडून बॅटरीसुद्धा काढली आणि ती उशीखाली ठेवली. मग असं कुणाला दिसलं तर काय वाटेल, या भीतीनं परत बसवली. आपण काहीच केलेलं नाही, हे त्याला माहीत होतं, आणि तरी आपले हात चोरासारखे वागत आहेत हे बघून त्याला स्वतःचीच किळस आली.

रतनसिंग तासाभरात दारात. डोक्याला मुंडासं, मिशीवर धूळ. डबा पाहून तो आधी खो खो हसला.

"माज्याच हिरीचे न? मंग आन हिकडं. मी देतो ठान्यात. म्हनतो, हिरीजवळच्या कोठ्यात सापडले."

"तुमाला तकलीफ व्हईल."

"मला काहून व्हईल?"

हा प्रश्न त्यानं अगदी सरळपणे विचारला. चांदपाशा वाळू आणायला उठला. त्यानं डब्यात कोरडी वाळू भरली, तोटे त्यात बसवले, मोबाईलच्या लहरींनीही तोटा उडू शकतो म्हणून रतनसिंगच्या खिशातला मोबाईल काढून आपल्याकडे घेतला. "गाडीवर नगं. पायी चला. धक्का लागू देऊ नगा." हे बोलताना मात्र त्याचा आवाज पूर्वीचा होता. मग तो तांड्याच्या माणसामागून बरंच अंतर ठेवून चालत राहिला, ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीपर्यंत.

रतनसिंग डबा पुढे धरून ठाण्यात शिरला. मंदिरात नारळ घेऊन शिरावा, इतक्या सहज.

चांदपाशानं चहा मागवला आणि प्यायला नाही. दारातून कुणी बाहेर आलं की तो खाली बघायचा. आता आरडाओरडा होईल, आता धावतील, आता आपल्याकडे बोट होईल. त्याला निखतच्या सासरची माणसं दिसली, परत जाणारी. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

रतनसिंग मिशी पुसत बाहेर आला.

"साह्यब नवे हायत. खुडची देली मला," तो टपरीवर टेकत म्हणाला. "म्हनले, लोकायनं अशीच दक्षता ठेवाव. च्या पाजला."

"नाव लिवलं?"

"लिवलं. लिवू दे की."

"अन् वैजनाथ?"

"त्यो नव्हता. साह्यबानं एकच इच्यारलं. म्हनले, तुमच्या हिरीला सुरुंग कोनं लावले व्हते?"

चांदपाशानं ग्लास खाली ठेवला. "मंग?"

"मंग काय! म्हनलो, व्हता एक म्हातारा. वारला."

रतनसिंग हसायला गेला, पण हसू मध्येच विझलं. तो रस्त्याकडे बघू लागला. "दुसरं काय सांगू पाशाभाई? नाव घेतलं असतं तर..."

"न्हाई न्हाई. बराबर केलं," चांदपाशा म्हणाला. "लई मेहरबानी झाली."

"मेहरबानी कशाची? सुक्करवारी समदा तांडा घिऊन येतो जेवाया. देग भरून ठेव." रतनसिंगनं त्याच्या खांद्यावर थाप मारली, आपला मोबाईल घेतला आणि मोटरसायकल आणायला गल्लीकडे निघून गेला.

चांदपाशा बाजारातून घराकडे निघाला. छातीवरचा धोंडा उतरला होता, लेकीचं लग्न वाचलं होतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण तो आपल्याच मयतीवरून परतत असल्यासारखा चालत होता. कुणाला दोष द्यावा, तर दोष द्यायलाही कुणी सापडत नव्हतं. जमादार भला होता, साहेबांनी चहा पाजला होता आणि मित्रानं जीव वाचवला होता.

भाजीच्या रांगेशी पोलिसांची गाडी उभी होती. दोन शिपाई वांगी निवडत होते. त्यांच्या शेजारीच जनकाबाई मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले.

"ओ बारूदवाले भाऊ!"

शिपायांपैकी एकानं वर पाहिलं.

चांदपाशाच्या ओठांवर "ओ बाई" आलं होतं. इतक्या वर्षांची सवय, ते आपोआपच आलं. त्यानं ते गिळलं. नजर समोरच्या विजेच्या खांबावर ठेवली आणि मोडलेला पाय सरळ टाकायचा प्रयत्न करत तो चालत राहिला. मांडीतून कळ गेली.

"अवो बारूदवाले! निखतच्या लग्नाला भाजी न्या की! पैशे नगंत मला!"

तो थांबला नाही. मागं वळून बघितलंही नाही.

"चाल तर तीच वाटली गं," जनकाबाई शेजारणीला म्हणाली, आणि हातातली जुडी तिनं परत ढिगावर ठेवली. "पर त्यो न्हाई. त्यो असता, तर ओ देली असती."