दादाने मागवलेलं सूप

तिघं भावंडं शहर बघायला आली आणि पहिलं भांडण स्टेशनच्या पायऱ्यांवरच झालं. कारण काय, तर बाहेर येता येता ताई म्हणाली, "दादा, टॅक्सीचा थांबा कुठे लिहिलाय बघ रे." त्यावर दादा उसळला, "मी काय तुझा हमाल आहे पाट्या वाचायला? तू बघ की! मोठी मॅट्रन ना तू?"

हमालाचं काम पाट्या वाचायचं नसतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण राग बोलायला लागला की तर्काने आपली चप्पल घालून निघून जावं, हेच बरं.

सहलीची कल्पना धाकटीची, चिमीची. तिचं कपडे शिवायचं दुकान. लहानपणी आईबाप दर सुट्टीत म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की शहरात नेऊ, मनोऱ्यावर चढू, हॉटेलात जेवू. ती पुढची वर्षं आईबापांबरोबरच गेली. चिमी म्हणाली, "कुणी नेण्याची वाट बघत म्हातारी झालो, आता आपणच आपल्याला नेऊ." ताई इस्पितळाच्या प्रसूती विभागातून नुकतीच निवृत्त झालेली, तिच्याकडे वेळच वेळ. दादा शाळेची बस चालवायचा आणि शाळेला सुट्टी. कुणालाच नाही म्हणायला जागा नव्हती. दादाला होती, पण ती उघडी करून दाखवण्यासारखी नव्हती.

गेले काही महिने दादा ज्याच्याकडे बघेल त्याचा मधला भागच नाहीसा होत होता. ओल्या अंगठ्याने पाटीवरचं अक्षर पुसावं, तसा. कडेचं सगळं शाबूत असायचं. रस्त्याची कड, झाडं, बाजूने येणारी गाडी, सगळं. पण माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्या कानापलीकडे नजर लावावी लागायची. दादा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, अशा डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाला, "गेलंय ते परत यायचं नाही. उरलंय ते जपा. आणि गाडी आजपासून बंद." दादाने शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी बस काढली.

शाळा दर वर्षी ड्रायव्हरांचे डोळे तपासून घ्यायची. रांगेत पुढचा गडी तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. दादाने ती ऐकता ऐकता पाठ केली आणि आपली पाळी आल्यावर घडाघडा म्हणून दाखवली. तपासणारा म्हणाला, "या वयात असे डोळे! वा!" दादालाही क्षणभर खरंच वाटलं. खोट्याचं हेच वाईट. ते आधी आपल्याच घरात जेवायला बसतं.

पण सुट्टी लागायच्या आधी एका सकाळी बसच्या पुढ्यात एक पोरगी बुटाची नाडी बांधायला वाकली होती आणि दादाला ती दिसलीच नाही. आतली मुलं ओरडली म्हणून ब्रेक लागला. मुलं लगेच विसरली. पोरगीही विसरली. दादा विसरल्यासारखा वागत राहिला.

येत्या सोमवारी शाळा उघडणार होती. दादाला ना बायको, ना मूलबाळ. सकाळी बसमध्ये चढणारी ती चिल्लीपिल्ली, त्यांची भांडणं, त्यांची गळकी नाकं, एवढाच त्याचा संसार. बस गेली की खिडकीत बसून भिंती मोजायच्या. तेव्हा सोमवारपर्यंत बहिणींना कळू द्यायचं नाही, एवढं एकच काम त्याने या सहलीत अंगावर घेतलं होतं. त्यातली एक बहीण जन्मभर इस्पितळात राबलेली. चोराने फौजदाराच्या घरी पाहुणा म्हणून उतरावं, तशातली गत!

लपवणाऱ्याला दोनच अंगरखे मिळतात, एक लाचारीचा आणि एक रागाचा. दादाने रागाचा चढवला. तो त्याला अगदी मापात बसला.

मनोऱ्याच्या टोकावर काचेमागे उभं राहून चिमी लहान मुलीसारखी बोट दाखवत होती, "दादा, नदी बघ! तो पूल बघ! पुलावर केवढी माणसं!"

"माणसं काय, आपल्याकडे नाहीत?" दादा म्हणाला. "एवढं वर चढून नुसता धूर दिसतो."

"धूर?" ताई म्हणाली. "इतकं लख्ख ऊन पडलंय."

"तुला ऊन दिसतं, मला धूर दिसतो. प्रत्येकाची नजर निराळी."

चित्रांच्या संग्रहालयात तर ताईचा पाराच चढला. ती एका मोठ्या चित्राखालची माहिती चिमीला वाचून दाखवत होती आणि दादा चित्राकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभा.

"कंटाळा आला तर सांग ना सरळ," ताई म्हणाली. "सारखं काय ते तिरकं बघायचं आमच्याकडे! दोन दमड्यांची माणसं समोर आल्यासारखं."

"मी कुठे तिरकं बघतो?"

"आत्ता बघतोयस! बोलतोयस माझ्याशी आणि बघतोयस त्या खांबाकडे. माझ्या निरोपाच्या दिवशीही तेच केलंस. सगळं इस्पितळ टाळ्या वाजवत होतं, आणि माझा सख्खा भाऊ भिंतीकडे बघत बसला होता. बायका मला विचारत होत्या, तुमचे बंधू रागावलेत का?"

दादाला तो दिवस चांगला आठवत होता. व्यासपीठावर हार घालून उभी असलेली बहीण त्याला बघायची होती, म्हणून तर तो भिंतीकडे बघत होता. भिंतीच्या कडेकडेने त्याने तिचा चेहरा पोटभर पाहिला होता. हे सांगितलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण त्याने जीभ चावली आणि म्हणाला, "टाळ्यांसाठीच नोकरी केलीस वाटतं!"

ताई त्या दिवशी त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. दुपारी हिरव्या कापडी छपराच्या हॉटेलात जेवताना तिने मेनू वाचला तोही चिमीला उद्देशून. मशरूमचं सूप, भाजलेले बटाटे, लिंबू पिळलेला मासा, शेवटी कस्टर्ड. दादा खिडकीबाहेर तोंड करून बसला होता, पण कान मात्र टेबलावर ठेवून. त्याने सगळं पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी जेवायची वेळ झाली तशी चिमी म्हणाली, "आज काहीतरी वेगळं खाऊ या का? पलीकडच्या चौकात..."

"काही नको. कालच्याच हॉटेलात जायचं," दादा म्हणाला. "नवीन ठिकाणी पोट बिघडतं."

"दादा, तू तर म्हणालास कालचं अन्न म्हणजे इस्पितळातलं पथ्य."

"म्हणालो असेन. आज मला पथ्यच हवंय." आणि तो पुढे निघाला. वाट त्याला पाठ होती. मोठ्या घड्याळाखालून वळायचं, मग फुलवाली, मग हिरवं छप्पर. डोळ्याच्या कडेला हिरवं दिसलं तसा तो ताठ मानेने आत शिरला.

"दादा, अरे, हे..." चिमी मागून म्हणाली.

"मला शिकवू नकोस!"

दोघी एकमेकींकडे बघून मुकाट त्याच्यामागे आत शिरल्या. मनात म्हणाल्या असतील, बाबा रे, जिथे नेशील तिथे जेवू, पण तोंड बंद ठेव. वेटरने पुढ्यात कार्ड ठेवलं. दादाने ते रुबाबात उचललं, हात लांब करून धरलं आणि ऐटीत म्हणाला, "तिघांना मशरूमचं सूप. भाजलेले बटाटे. मासा, लिंबू जास्त पिळून. आणि शेवटी कस्टर्ड."

वेटर म्हणाला, "साहेब, सूप नसतं आमच्याकडे. मासाही नाही."

"नसतं कसं? काल इथेच बसून प्यायलो."

"काल आमची साप्ताहिक सुट्टी होती, साहेब."

"मला खोटं पाडतोस?" दादाचा आवाज चढला. आजूबाजूचे घास थांबले. "गिऱ्हाईक म्हणजे काय वेडं वाटलं? हे बघ, हे इथे छापलंय तुझ्या मालकाने!" आणि त्याने कार्डावर खाडकन बोट आपटलं.

चिमीने वाकून पाहिलं. हळूच म्हणाली, "दादा, तिथे 'हात धुवायची जागा मागच्या बाजूला' असं लिहिलंय."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. चिमी आणखी हळू म्हणाली, "कालचं हॉटेल शेजारचं. दोन्हीकडे छप्पर हिरवंच आहे, पण इथल्या नावाची पाटी केवढी मोठी आहे, दादा. मला वाटलं, तू मुद्दाम इथे आलास."

वेटरला ताईने खुणेने लांब पाठवलं. मग ताई म्हणाली, "दादा, माझ्याकडे बघ."

"बघतोय."

"कानाकडे नको. तोंडाकडे बघ. सरळ. आणि सांग, माझं तोंड कसं दिसतंय?"

दादाने मान सरळ केली. समोर साडीचा काठ होता, खांदे होते, मागे खुर्चीची पाठ होती, आणि मध्ये काही नव्हतं. तो म्हणाला, "कसं दिसणार? नेहमीसारखं फुगलेलं. भांडायची हौस फुललीय नुसती."

"दादा," चिमी म्हणाली, "ताई रडतेय."

आपलं गुपित असं सुपाच्या वाटीत बुडेल, तेही न मिळालेल्या सुपाच्या, हे दादाच्या स्वप्नातही नव्हतं. पण बुडणारा माणूस आधी हातपायच मारतो.

"बरं मग?" तो म्हणाला. "थोडं अंधुक दिसतं. वयच झालंय."

"किती दिवस?"

"तुला काय करायचंय? बाळंतपणं करणारी तू, डोळ्यांतलं काय कळतं तुला?"

"एवढं कळतं की ज्याला बहिणीचे डोळे गळताना दिसत नाहीत, त्याने दुसऱ्यांची लेकरं रस्त्यावर न्यायची नाहीत." ताईने डोळे पुसले नाहीत. आवाज मात्र वॉर्डातला काढला. "मी हजारो मुलं या जगात आणली, दादा. एकेकासाठी त्या बाया कशा तळमळतात ते पाहिलंय. सोमवारी बस तू काढायची नाहीस."

"सोमवारी बस निघणार. मीच काढणार. तिथला खड्डा न् खड्डा मला पाठ आहे."

"खड्डे जागचे हलत नाहीत. मुलं हलतात."

हे वाक्य दादाच्या वर्मी बसलं. नाडी बांधायला वाकलेली पोरगी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि ती मात्र पुसली जाईना. तो खुर्ची मागे ढकलून उठला.

"मी शाळेला फोन करणार," ताई म्हणाली.

"कर! आणि मग माझ्या दारात पाय ठेवू नकोस. आईच्या पोटी जन्मलीस एवढंच नातं, ते आज संपलं."

"संपू दे."

"आयुष्यभर सगळ्यांकडे वरून खाली बघतेस, म्हणून तुझ्याजवळ कुणी टिकत नाही!"

हे बोलायचं नव्हतं. ताईचा नवरा तिला सोडून गेला होता. चिमीने डोक्यावर हात मारला. ताईने मात्र पर्स उचलली, बंद केली, पुन्हा उघडली आणि म्हणाली, "जा. रस्ता ओलांड एकटा. दाखव किती दिसतं ते."

दादा गेला. दारातून बाहेर, पायऱ्या उतरून, थेट फुटपाथच्या कडेपर्यंत. दोन दिवस तो दुसऱ्यांच्या पायांवर रस्ते ओलांडत होता. शेजारचे निघाले की निघायचं, थांबले की थांबायचं. आत्ता शेजारी कुणी नव्हतं. समोर सिग्नल असावा तिथे नुसता पांढुरका डाग होता. गाड्या कडेने येत होत्या आणि मध्ये आल्या की विरघळत होत्या. त्याने एक पाय खाली ठेवला. हॉर्न वाजला, वारा अंगावर आला, कुणीतरी सायकलवरून शिवी हासडून गेलं. त्याने पाय वर घेतला. पुन्हा खाली ठेवला. पुन्हा वर घेतला. ज्याने सारं गाव चाकांवर फिरवलं, त्याला एक रस्ता ओलांडता येईना.

देवाने दार लावलं की ते वाजवून लावतो. ऐकू येऊनही माणूस म्हणतो, वारा असेल. दादाला आता वारा म्हणता येईना.

मागे चपलांचा आवाज झाला. चिमीने येऊन त्याचं कोपर धरलं. त्याने झिडकारलं. तिने परत धरलं.

"सोड."

"नाही सोडत. शिव्या दे हव्या तर."

ताई दोन पावलं मागे उभी होती. जवळ आली नाही. तिच्या हातात फोन होता आणि आवाजात अजून धार होती. "शाळेचा नंबर माझ्याकडे नाही. शोधला तर मिळेल. पण तू देणार असशील तर दे."

सिग्नल बदलला असावा, कारण गाड्या थांबल्या, माणसं आली, ओलांडून गेली. तिघं तिथेच उभी. मग दादाने नंबर सांगितला. एकेक आकडा दगड भिरकावावा तसा. शेवटच्या आकड्यानंतर म्हणाला, "मुख्य बाईंचा आहे. बोल तू. मी बोलणार नाही. आणि नंतर तुझ्याशीही बोलणार नाही."

"नको बोलूस," ताई म्हणाली आणि फोन कानाला लावला. "नमस्कार बाई. बसच्या दादांची बहीण बोलतेय. हो, बरे आहेत. पण सोमवारपासून ते बस चालवणार नाहीत. डोळे गेलेत त्यांचे... हो. नाही, अचानक नाही. आम्हालाच उशिरा कळलं. दुसऱ्या कुणाला..."

"त्यांना सांग," दादा रस्त्याकडेच तोंड ठेवून गुरकावला, "मागचं दार वर उचलून ओढायचं, नाहीतर नीट लागत नाही."

ताईने सांगितलं.

"आणि टाकीपाशी जुळे चढतात. त्यांना शेजारी बसवायचं नाही, चावतात एकमेकांना. सांग."

"सांगते."

"आणि नवा कोण असेल त्याला म्हणावं, सगळे चढले तरी लगेच निघू नको. खाली उतर. पुढून एक चक्कर मार, वाकून बघ, मग निघ. रोज. सांगितलंस का?"

"सांगितलं, दादा."

"नीट सांग! तुझं सगळं अर्धवट असतं. पुन्हा सांग."

ताईने पुन्हा सांगितलं.