सामान म्हणून तेरा माणसं

टॅमसिनला बोटीत खोट हवी होती, आणि टर्नस्टोनमध्ये ती काही केल्या सापडत नव्हती.

आधीच्या तीन बोटी तिनं रीतसर नापास केल्या होत्या. पहिलीच्या खिडकीखालची फळी बोटानं दाबली तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी आत जात होती. दुसरीच्या इंजिनाचं तेल दुधाळ झालं होतं. तिसरीचा कठडा हातानं हलवला तर हातात यायच्या बेतात होता. तिन्ही वेळा तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि तिन्ही वेळा रोरी घरी येईपर्यंत गाडीत गप्प बसला होता. चौथी बघायला निघताना मात्र तिच्या या भल्या नवऱ्यानं सरळच विचारलं, की हिच्यात काही निघालं नाही तर हो म्हणशील ना? मागच्या सीटवर अकरा महिन्यांची मार्गो स्वतःचा मोजा चोखत होती. टॅमसिननं तिच्याकडे आरशातून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणेन."

म्हणजे शब्द गेला होता. हो म्हणायचं म्हणजे घर भाड्यानं द्यायचं आणि मे महिन्यात पोरीला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला, बेटाबेटांवरून, वर्षभर. रोरीला त्यात निळं पाणी दिसायचं. टॅमसिनच्या मनात मार्गो दिवसातून निदान दोनदा त्या पाण्यात पडायची. औषधांच्या दुकानात आठ वर्षं काढलेली बाई ती. काय बिघडू शकतं ते आधी बघायचं, ही तिची नोकरीच होती, आणि बाळंतपणाच्या रजेवर असली तरी ती नोकरी डोक्यातून उतरली नव्हती.

टर्नस्टोन उरंगनच्या बंदरात धक्क्याला लागून उभी होती. अडतीस फुटांची कॅटामरान. दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून एकच माळा टाकावा तशी. मालक डेस सत्तरीचा, रापलेला, टोपीची कड कुरतडल्यासारखी. टॅमसिननं जमिनीच्या फळ्या उचलून पाहिल्या, गाद्यांखाली हात घातला, कपाटांत डोकं खुपसून वास घेतला. तिनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं डेसनं सरळ उत्तर दिलं. तळातून समुद्राचं पाणी आत घेणारा एक नळ गेल्या वर्षी बदललाय, दुसरा या वर्षी बदलायला हवा, असंही आपणहून सांगून टाकलं. असल्या प्रामाणिक माणसाचं करायचं तरी काय? दोन तास झाले आणि तिच्या वहीत एक तो नळच काय तो होता.

शेवटचा उपाय म्हणून ती म्हणाली, की मला बोटीच्या खालून जायचंय. डेस हसला. खालून बघणारी तू पहिलीच, म्हणाला, आणि मार्गोला कडेवर घेऊन त्यानं आपली छोटी वल्हवायची डिंगी सोडून दिली.

टॅमसिन आणि रोरी डिंगीत जवळजवळ आडवे होऊन त्या दोन अंगांच्या मधून, माळ्याखालून, सरकत गेले. वर छत, बाजूला भिंती, आणि सगळीकडे पाण्याचा हिरवा उजेड नाचत होता. रोरी म्हणाला, देवळात आल्यासारखं वाटतंय. टॅमसिनचं लक्ष भिंतीकडे होतं. बोटीची बाहेरची अंगं पॉलिश करून आरशासारखी केली होती, पण इथं आत कोण बघायला येतंय? आत एक तपकिरी रेघ तशीच राहिली होती, सरळ, टोकापासून टोकापर्यंत. पाण्यापासून चांगली चार बोटं वर. बोट एके काळी तिथपर्यंत बुडालेली असायची.

वर येऊन तिनं विचारलं तेव्हा डेसनं लगेच कबूल केलं. त्याच्या संसाराचं सगळं सामान, हत्यारं, जादा शिडं, पुस्तकं, बायको आयलीनचं शिलाई मशीन, लेकीच्या गॅरेजमध्ये हलवलं होतं. बोटीच्या टाक्याही रिकाम्या होत्या. घर विकायला काढल्यावर पसारा कुणी ठेवतं का?

"आणि भरून इतकी खाली बसलेली असताना लाटांवर खालून आपटते?" टॅमसिननं विचारलं.

"आपटते की. माळ्याखाली लाट शिरली की सगळ्याच आपटतात, पोरी. किती, ते सांगून कळत नाही. ऐकावं लागतं."

मग मी ऐकूनच ठरवीन, असं ती म्हणाली. तिथंच वहीत तिनं हिशेब मांडला: पाणी, डिझेल, पीठ, तांदूळ, डबे, हत्यारं, मार्गोचे लंगोट. अकराशे किलो. डेस म्हणाला, ते सगळं परत आणायला सांगितलं तर आयलीन मला याच वयात सोडून जाईल. सामानाऐवजी माणसं चालतील ना, म्हणत रोरीनं खिशातून फोन काढला आणि आईला लावला.

रोरीची आई, नोरीन, बोल्स क्लबची चिटणीस. हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या त्या खेळाचा क्लब असला तरी तिथं खेळापेक्षा सहली जास्त निघायच्या. तिनं दोनच गोष्टी विचारल्या: किती माणसं, आणि खायचं कोण आणतंय.

रविवारी सकाळी धक्क्यावर तेरा जण हजर. बोटीतल्या पाटीवर आडोशाच्या पाण्यात अठरा माणसांची परवानगी होती, म्हणजे ती बाजू ठीक होती. टॅमसिननं न्हाणीघरातला वजनकाटा फळ्यांवर ठेवला आणि घोषणाच करून टाकली, की आकडा फक्त मी बघेन आणि तो वहीबाहेर जाणार नाही. तरी बायका पुढे येईनात. शेवटी नोरीन काट्यावर चढली, टोपी काढून आकड्यावर धरली आणि सुनेला म्हणाली, टोपीखालून बघ. मग सगळ्यांनीच टोप्या काढल्या. मर्व्ह नावाचा गृहस्थ साखर कारखान्यात तीस वर्षं उसाच्या गाड्या तोलत आलेला. त्याचं म्हणणं, गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलतात, तेव्हा मला जेवणानंतर पुन्हा घ्या, नाहीतर हिशेब कच्चा राहील.

बेरीज एक हजार एकोणसाठ झाली. उरलेले एक्केचाळीस किलो मर्व्हच्या बर्फाच्या पेटीनं बरोबर भरून काढले. सगळे चढल्यावर टॅमसिन मागच्या पायरीवर ओणवी झाली. आतली तपकिरी रेघ पाण्याला टेकली होती. तिला बरं वाटलं, आणि कशाचं बरं वाटलं ते कळून थोडं वाईटही वाटलं.

बंदराबाहेर पहिली वीस मिनिटं सॉसेज रोल फिरत होते, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट रंगली होती, आणि जॅकेटमध्ये फुगलेली मार्गो आजीच्या मांडीवर बसून समुद्रपक्ष्यांवर ओरडत होती. मग बोट मोकळ्यावर आली. मागून येणारी भरती आणि समोरून आग्नेयेचा वारा, दोघांची तिथं गाठ पडत होती. लाटा उंच नव्हत्या, पण आखूड आणि उभ्या.

धाड.

पायाखालच्या जमिनीला कुणी खालून गुद्दा मारल्यासारखं झालं. टेबलावरचे कप एकदम उडाले. गुडघ्याची गोष्ट थांबली. पुन्हा धाड. मार्गो एकटीच खदखदून हसली. तिसऱ्या दणक्याला ती आधीच तोंड उघडून तयार होती.

रोरीनं टॅमसिनकडे पाहिलं. मग समोर पाहत हळूच म्हणाला, "ठीक आहे. सांगतो डेसला, परत वळव म्हणून."

मिळाली होती खोट. कानांनी ऐकलेली, अकराशे किलोला मोजलेली. तिच्याशी वाद घालायला कुणाला जागाच नव्हती. टॅमसिननं वहीत लिहिलं: आपटते. लिहिताना डावीकडच्या वजनांच्या यादीवर तिची नजर गेली, तिथून पुढे, दोन्ही अंगांच्या मध्ये बसायला ताणलेल्या जाळीवर. जाळीत बर्फाची पेटी मध्ये घेऊन चौघं पसरले होते. एकशे अठरा, एकशे चार, सत्त्याण्णव, पंच्याण्णव. वर पेटी. सगळं ओझं नाकावर. प्रत्येक लाटेला बोट नाक खुपसणार नाही तर काय करणार?

हे आकडे बोटीवर एकट्या तिलाच माहीत होते. गप्प बसली असती तर डेसला कळलं नसतं, रोरीला कळलं नसतं, आणि शब्दही मोडला नसता. तिनं वही मिटली. मार्गो पुढच्या दणक्याची वाट बघत श्वास रोखून बसली होती. रोरी जागचा हलला होता. टॅमसिननं वही पुन्हा उघडली.

"मर्व्ह," तिनं वाऱ्यातून हाक मारली, "तुम्ही आणि पेटी, दोघं मागे या."

"पेटीला हलव, मी येतोच तिच्यामागे."

मग तिनं वही बघून एकेकाचं नाव घेतलं. चौघं आले. पाचवं नाव बेरिलचं होतं. बेरिल म्हणजे काडी. लोक वळून वळून बघायला लागले. वजन वहीबाहेर जाणार नाही असं आपणच सांगितलं होतं, हे टॅमसिनला उशिरा आठवलं.

"काटा बिघडलाय तुझा," बेरिल उठत म्हणाली. "माझी हाडं जड आहेत."

सगळे मागे आले तेव्हा बोट शेपटीवर बसली आणि पाणी पायऱ्या चढून मर्व्हच्या चपला धुऊन गेलं. सुकाणूवरून डेस ओरडला, इतकं नाही. मग टॅमसिननं त्यांना मध्ये घेतलं: डोलकाठीभोवती, आतल्या बाकांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या फोटोला दाटीवाटीनं उभं करावं तसं. दोघींना डावीकडे, एकाला उजवीकडे. पुन्हा एकाला आत. नोरीननं घड्याळ लावलं. आधीच्या पाच मिनिटांत टॅमसिननं अकरा दणके मोजले होते. आता सतरा माणसं श्वास धरून ऐकत होती. एक. बऱ्याच वेळानं दुसरा, तोही शेजारच्या घरात कुणी दार लावावं तसा. पाच मिनिटं संपल्याचं नोरीननं सांगितलं आणि असा काही गलका झाला की मार्गो आधी दचकली, मग तिनंही टाळ्या पिटल्या.

डेसचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. हत्यारं, जादा शिडं आणि वाईनचे खोके तो नऊ वर्षं पुढच्या कप्प्यांत ठेवत आला होता. "नऊ वर्षं आयलीन म्हणतेय की आवाज येतो, आणि मी म्हणतोय समुद्र आहे, येणारच," तो टॅमसिनला म्हणाला. "हे तिला कुणी सांगणार नसेल तर किमतीत मी काहीतरी बघतो." ते ऐकून मागून तिघीजणी एकदम म्हणाल्या, की आयलीन मंगळवारी क्लबवर येते.

शिडं फुगली, बोट एका बाजूला न कलता सरळ पळायला लागली. लॅमिंग्टन केकचा डबा हातोहात फिरला, पण कुणी जागा सोडायची नाही असा टॅमसिनचा हुकूम होता. ती स्वतः जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि वहीत बोटीचा नकाशा काढत होती. रोरी खांद्यावरून वाकून वाचायला लागला. नोरीनच्या जागी पीठ आणि तांदूळ. बेरिलच्या जागी टोमॅटोचे डबे. मर्व्हच्या जागी पाण्याचे कॅन, आणि कंसात: दोन्ही बाजूंना सारखे.

त्यानं यादीवरून बोट शेवटपर्यंत नेलं. मग जपून म्हणाला, "मार्गोचं नाव नाही लिहिलंस."

"मार्गो कुठंही बसेल. साडेनऊ किलोनं काही बिघडत नाही." तिनं पान उलटलं. "पण कठड्याला चारी बाजूंनी जाळी. आधी जाळी, मग बाकी सगळं. आणि तो नळ."

रोरी ताडकन उठला. डेसला सांगायला जायचं होतं त्याला, पण आनंदात भलतीकडेच निघाला, थेट पुढच्या टोकाकडे, आणि तेरा जणांनी एका सुरात त्याला मागे बोलावलं.