हळद धुतल्यावर

ऋतुजाचं लग्न झालं ते दोन हजार तेविसाचं साल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गावी, बोरीत, मांडवामागं तिचा काका डॉक्टर शिवप्रकाश आपल्या बापाच्या, बसप्पांच्या, हातांवर पाणी ओतत होता. ऋतुजाच्या हळदीत पोरींनी आजोबांनाही रंगवलं होतं. तीनदा साबण लावला तरी हात पिवळेच. शिवप्रकाशनं त्यांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा काढला. डोळेही पिवळे. बंडी वर केली तर गळ्यात कावीळ उतरावी म्हणून बांधतात ती काड्यांची माळ, बेंबीपर्यंत आलेली.

शिवप्रकाशचं डोकं फिरलं. अठरा वर्षं तो पुण्यात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचीच ऑपरेशनं करत होता, उरलेला वेळ प्रयोगशाळेत. डोळे पिवळे झाल्यापासून तपासणीपर्यंत किती दिवस वाया जातात, याचा सातशे रोग्यांचा तक्ता त्यानं केला होता. ताडकळसच्या बाजारात भोंगा लावून सांगितलं होतं, की न दुखणारी कावीळ घरात ठेवू नका. बोरीत तेवढं सांगायचं राहिलं. घरच्यांना कळतंच, असं तो धरून चालला होता.

नीलम्मा, त्याची आई, खाली बघत म्हणाली, सहा आठवडे झाले.

"आन् मला एक फोन करता आला न्हाई?"

"तू लगीन पुढं ढकललं असतंस," बसप्पा म्हणाले. "आन् दुखतंय कुटं? माळ बघ की, कशी लांबायलीय. कावीळ उतरायलीय."

"काड्या वाळल्या की गाठी सैल पडत्यात, अप्पा. म्हनून लांबती. तुमच्या पोटातलं तिला काय ठावं?"

"तुला तरी कुटं ठावं होतं? दोन दिस मांडीला मांडी लावून जेवलास."

शिवप्रकाशनं तांब्या खाली ठेवला आणि पुण्याला न्यायला गाडी सांगितली.

पाचव्या दिवशी पुण्यात स्कॅन झाला. स्वादुपिंडातली कॅन्सरची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती. कापून काढता येणार नव्हती. 'महिनाभर आधी आणलं असतं तर' हे वाक्य त्यानं शेकडो घरांना ऐकवलं होतं. आईला ऐकवायला त्याची जीभ वळेना.

तक्त्यात बापाची नोंद सातशे एकावी. वाया गेलेले दिवस सत्तेचाळीस. 'उशिराचं कारण' असं मोठ्यानं वाचून तो अडला.

"लिही की," बसप्पा खाटेवरून म्हणाले, "घरी लगीन होतं."

त्यानं वैतागून तसं लिहिलं. मग त्याच रकान्यात बारीक अक्षरात आणखी लिहिलं: डॉक्टर दोन दिवस घरात होता, त्यानं पाहिलं नाही.

बसप्पा त्याच साली, दिवाळीनंतरच्या चौथ्या दिवशी सकाळी बोरीत वारले.