ब्रेकवर आलेली बोटं

मी एक सायकल बोलतेय, आणि रागाने बोलतेय. ज्यांना गोडगोड आत्मकथा हवी असेल त्यांनी एखाद्या जुन्या छत्रीकडे नाहीतर फाटक्या पुस्तकाकडे जावं. माझ्यावर एक खोटा आळ घेतला गेला आहे आणि तो मला मान्य नाही.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. चौकट कार्बनची, टायर अरुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. वजन इतकं कमी की लोक मला दोन बोटांवर उचलून एकमेकांना दाखवतात. पायडल मारलं की पायातला जोर सरळ चाकात उतरतो, मध्ये कुठे सांडत नाही. मी पळण्यासाठीच घडले आहे. तुला पळायला आवडतं का, असं घोड्याला कुणी विचारत नाही. मलाही विचारू नका. आवडतं.

माझा मालक अविनाश. चाळिशी ओलांडलेला, बेलापूरच्या एका विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर, बायको पद्मजाबरोबर सुकापूरला चौथ्या मजल्यावर राहणारा. डॉक्टरांनी साखरेचं नाव काढलं तेव्हा घाबरून त्याने मला आणलं. दुकानात त्याच्यासोबत त्याचा मित्र अझहर होता. दोघं शाळेपासूनचे. मधली बरीच वर्षं अझहर कुवेतला होता; आता परत येऊन जुन्या पनवेलमध्ये कापडाचं दुकान सांभाळत होता. त्याच्याकडे स्वतःची एक दणकट, जडशीळ सायकल होती. माझ्याकडे बघून तो म्हणाला होता, "अवी, ही तर हवेत उडेल. तू मात्र जमिनीवर राहा."

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. रविवारी सकाळी दोघं चिरनेरकडे निघायचे. अझहर दर दोन मैलांवर थांबायचा. कुठे ताडगोळे घे, कुठे एखाद्या म्हाताऱ्याशी गावाच्या गप्पा मार, हुतात्म्यांच्या स्मारकापाशी सावलीत बस. अविनाश चढावर धापा टाकायचा आणि उतारावर मोठ्याने गायचा. गळा अगदीच बेताचा, पण मला ते गाणं आवडायचं. उतारावर तो मला मोकळी सोडायचा आणि मी पळायचे. तो वेग खरा होता. त्यात कुणाला हरवायचं नव्हतं.

मग विश्वजीत आला. तो नवीन पनवेलमधल्या एका सायकल ग्रुपचा म्होरक्या. त्याने अविनाशच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं आणि तो फोन माझ्या हँडलवर स्क्रूने घट्ट बसवला. त्या दिवसापासून अविनाशने रस्ता पाहिला नाही. तो वेगाचा आकडा पाहू लागला.

तुम्हा माणसांची ही खोड मला कधी समजली नाही. भूक किती लागली हे तुम्ही घड्याळाला विचारता, झोप कशी झाली हे मनगटावरच्या पट्ट्याला विचारता, आणि सायकल चालवताना मजा आली का, हे फोनला. ग्रुपमध्ये सकाळी कोण कसं आहे हे कुणी विचारायचं नाही. "सरासरी किती पडली?" एवढंच. ज्याची कमी पडेल तो दिवसभर कारणं देत बसायचा. वारा उलटा होता, गुडघा दुखत होता, सिग्नल लागला. अविनाशही कारणं द्यायला शिकला.

त्याचं सगळ्यात मोठं कारण अझहर होतं. "त्याच्याबरोबर गेलं की सरासरी घसरतेच," असं तो ग्रुपवर लिहायचा. विश्वजीतने अझहरचं नाव 'मालगाडी' ठेवलं. अझहर हसायचा. म्हणायचा, "मालगाडी पोचते की नाही शेवटी? बास." अविनाशही हसायचा, आणि त्याचं ते हसणं माझ्या हँडलला जाणवायचं, कारण हसताना त्याची पकड आवळत असे. लाज वाटायची त्याला. मित्राची लाज.

जासईपुढे एक सपाट, सरळ टप्पा आहे. ॲपमध्ये त्या टप्प्यावर जो सगळ्यात जलद, त्याच्या नावापुढे मुकुट लागतो. मुकुट विश्वजीतचा होता. अविनाशला तो हवा होता. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तो रविवार उन्हाळ्याचा होता. सकाळीच अंगाची लाही होत होती. रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक चालले होते. एक जवळून गेला की वारा आधी ढकलतो आणि मग आत ओढतो. अझहरचे रोजे नुकतेच संपले होते, अंगात अजून ताकद आली नव्हती. निघतानाच तो म्हणाला होता, "आज सांभाळून घे यार."

टप्पा सुरू झाला आणि अविनाश खाली वाकला. मी पळाले. खोटं कशाला बोलू, सुंदर पळाले. आकडा चढत होता. तेवढ्यात मागून हाक आली.

"अवी, थांब जरा. मला गरगरतंय."

हे मी नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. हाक स्पष्ट आली. अविनाशचे खांदे वर आले. त्याची बोटं माझ्या ब्रेकवर आली. दोन्ही हातांची. ब्रेकची तार किंचित ताणली गेली, चाकाला अजून कळलंही नव्हतं. मला वाटलं, थांबला. मग त्याची नजर फोनवर गेली आणि बोटं ब्रेकवरून निघून गेली. तो पुन्हा वाकला.

थोड्या वेळाने फोन वाजला. पडद्यावर अझहरचं नाव आलं आणि त्या नावाखाली आकडा झाकला गेला. अविनाशने नाव बाजूला सारलं. का, तर आकडा दिसत नव्हता.

टप्पा संपला. मुकुट त्याचा झाला. फोन पुन्हा वाजला तेव्हा त्याने उचलला. पलीकडे एक अनोळखी बाई होती. ती सांगत होती, तुमचा माणूस पडलाय, लवकर या.

आता ऐका. अविनाशने आधी ॲपमधली नोंद बंद केली. परत उलटं जाताना सरासरी पडू नये म्हणून. मग त्याने मला वळवलं.

लोक विचारतात, चांगल्या सायकलवर वेगाला काही महत्त्व आहे का. आहे. त्या सकाळी परत जाताना होतं. माझ्या जन्मात तेवढं कधीच नव्हतं. वारा पाठीशी होता, रस्ता सपाट होता, मी तयार होते. आणि त्या माणसाने मला हळू चालवलं. चार पायडल मारायचा आणि पाय सोडून द्यायचा. घाबरला होता. तिथे काय दिसेल याला घाबरला होता, आणि त्याहून जास्त, अझहर काय म्हणेल याला. मुकुटासाठी उडणारे ते पाय मित्रासाठी उचलत नव्हते. तो राग माझ्या चौकटीत अजून तसाच आहे.

ट्रेलरच्या झोताने अझहर डांबराच्या कडेवरून खडीत घसरला होता. भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या भीमाबाईने त्याला ओढून झाडाखाली नेलं होतं आणि त्याच्याच फोनवरून अविनाशला फोन लावला होता. आपल्या पदराने ती त्याला वारा घालत होती. अविनाशला बघून ती म्हणाली, "ह्यो तुमचा मानूस हाय? मंग तुमी कुठं व्हता? पयला फोन उचलला नाय तुमी."

अविनाश म्हणाला, "वाऱ्यामुळे काही ऐकू नाही आलं."

ते खोटं तिथे, रस्त्याच्या कडेला जन्मलं. अझहर डोळे उघडे ठेवून झाडाकडे बघत होता. भीमाबाईने एक टेम्पो थांबवला आणि त्याला पनवेलला नेलं.

बरगड्या जुळल्या. उजवा खांदा जुळला नाही. ऑपरेशन झालं, पण हात खांद्याच्या वर जाईना. वरच्या फळीवरचे तागे काढणारा हात तो. अविनाश रोज दवाखान्यात जायचा, पद्मजाने दिलेला डबा घेऊन. अझहरची बायको नाझिया, मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवणारी सरळ बाई, त्याला बसायला खुर्ची द्यायची आणि म्हणायची, "किती करता तुम्ही अविनाशभाऊ." आणि हा मान खाली घालून तेही ऐकून घ्यायचा. मुकुट अजून ॲपमध्ये होता. त्याने तो काढला नव्हता.

मला बाल्कनीत टांगलं. माझ्या हँडलवर टॉवेल वाळू लागले. टायरमधली हवा गेली, साखळीवर तांबूस गंज आला. मी तेही सोसलं असतं. पण मग अविनाशला उपदेशाचा झटका आला. तो ग्रुपमधून बाहेर पडला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, की वेग वाईट. लोकांना ते पटायचं. माणसाची चूक म्हटलं की लोक अवघडतात, वेगाची चूक म्हटलं की सगळे मान डोलावतात.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला हॉलमध्ये त्याचं भाषण ठेवलं. मला पुसून मंचावर उभी केली, हँडलला झेंडूची माळ घातली. मागे भिंतीवर मोठा फलक लावला: 'वेग माणसाला बहिरं करतो.' वाक्य अविनाशचंच. अझहरला शाल आणि नारळ द्यायचा होता, म्हणून तो नाझियाबरोबर पहिल्या रांगेत बसला होता.

अविनाश बोलला. छान बोलला. "माझ्या मित्राने मला हाक मारली होती. माझ्या कानात वारा भरला होता. मला ऐकू आलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने डोळे पुसले.

अझहरला वर बोलावलं. त्याने शाल घेतली, घडी न मोडता खुर्चीवर ठेवली, आणि हळू आवाजात म्हणाला, "अवी, तुला ऐकू आलं होतं."

"अरे, आपण नंतर बसून बोलू ना."

"मी मागून बघत होतो. तुझे खांदे वर आले, हात ब्रेकवर गेले. मग परत वाकलास. पडायच्या आधी मी तेच शेवटचं बघितलं."

अविनाशचा चेहरा उतरला. "मग इतके महिने बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. रोज डबा घेऊन यायचास. रोज वाटायचं, आज सांगेल. मी माफ करून टाकलं असतं रे, तिथल्या तिथे. पण आज तू खोटं सांगितलंस आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते मला नाही सोसवलं."

अविनाश पुटपुटला, "हो. ऐकलं होतं मी."

"माइकवर बोल," अझहर म्हणाला.

अविनाशने माइक हातात घेतला. त्याचा दुसरा हात माझ्या सीटला टेकला होता. "मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "फोनही मी बघितला होता. मी थांबलो नाही." मग तो खाली उतरला. पद्मजा दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी तो मला हाताने ढकलत जुन्या पनवेलमध्ये अझहरच्या घरी घेऊन गेला. "ही ठेवून घे. मला घरात बघवत नाही."

अझहर म्हणाला, "तुला बघवत नाही म्हणून माझ्या दारात? माझा हात वर जात नाही, अवी. हिचं मी काय करू?"

एकाला मी पाप वाटत होते, दुसऱ्याला जखम. दोघांच्या मध्ये मी हवा नसलेल्या चाकांवर उभी होते. तेव्हा नाझिया आतून आली. आदल्या दिवसापासून ती अविनाशशी एक शब्द बोलली नव्हती.

"हिने काय घोडं मारलंय कुणाचं?" ती म्हणाली. "ठेवा इथे. मी चालवीन. आणि तुम्ही आता जा, अविनाशभाऊ. आज मला तुमच्याशी नीट बोलता येणार नाही."

आता मी अझहरच्या घरी दाराच्या मागे असते. नाझियाने पहिल्याच दिवशी फोनचा स्टँड पान्याने काढून फेकला, सीट खाली केली, साखळी रॉकेलने धुतली. कॉलेजात असताना ती धावण्याच्या शर्यती जिंकायची, हे मला तिच्या पायांवरून कळलं. सकाळी ओढणी कमरेला घट्ट बांधून ती मला बाहेर काढते. सुरुवातीला अझहर स्कूटर काढून सोबत यायचा. आता येत नाही, चहा टाकून वाट बघतो. परवा एका उतारावर तिने मला मोकळी सोडली. कितीतरी महिन्यांनी मी मनापासून पळाले. ती घरी येऊन अझहरला म्हणाली, "आज मी किती जोरात गेले माहितेय?" तो म्हणाला, "किती?" ती म्हणाली, "मला काय माहीत. डोळ्यांतून पाणी आलं एवढं."

अविनाश अधूनमधून येतो. ईदला येऊन शिरखुर्मा पिऊन गेला. दोघं शाळेतल्या मास्तरांच्या गप्पा मारतात. सायकलचं नाव कुणी काढत नाही. आत येताना तो दाराकडे बघायचं टाळतो.

त्याने मला पुन्हा चालवावं असं माझं म्हणणं नाही. पण सुकापूरच्या त्या हॉलमध्ये तो फलक अजून भिंतीवर आहे, असं ऐकते. येणारे-जाणारे वाचतात आणि मान डोलावतात. तुमच्यापैकी कुणाला अविनाश भेटला तर त्याला माझा निरोप द्या. शिडी घे, वर चढ, आणि तेवढा फलक स्वतःच्या हाताने काढून टाक म्हणावं.