मुकं कथील

फाल्गुनातली दुपार कलली होती. माणगंगेच्या कोरड्या पात्रावर ऊन पसरलं होतं. पांडुरवर्ण, निस्तेज, कढून कढून साय धरलेलं ऊन. पलीकडच्या बरड माळावर एकुलता एक पळस पेटला होता, आणि त्याचं कौतुक करायला एक कावळासुद्धा फिरकला नव्हता.

त्या उन्हाकडे पाठ करून केरबा जिनगर विझलेल्या भट्टीसमोर बसला होता.

काळ्याकभिन्न लोखंडी पत्र्यावर वितळत्या कथलाचा शुभ्र मुलामा चढवायचा आणि त्याच्या चरव्या, चिमण्या, नरसाळी घडवायची, हा त्याचा धंदा. शिकलेली माणसं त्या पत्र्याला काहीही म्हणोत, केरबाच्या घरात त्याचं नाव पांढरं लोखंड. तापत्या पत्र्यावर पिवळसर झाक चढली की ती ‘हळद’. मुलाम्याची चंद्रधवल लाट सरकली की तो ‘पदर’. आणि कापसाचा शेवटचा हात फिरवायचा, त्याला म्हणायचं ‘डोळे पुसणं’. असं सारं लग्नघर त्या भट्टीत नांदून गेलं होतं.

आणि एक रीत होती, पणज्यापासूनची. कथलाची कांडी आधी कानाशी धरून वाकवायची. शुद्ध कथील वाकताना रडतं. शिसं मिसळलेलं मुकं राहतं. मुकं कथील दुधाच्या भांड्याला लावायचं नाही. ते विष.

गेलं वर्षभर साऱ्या कांड्या मुक्या होत्या.

पेठेतल्या पोपटशेटनं कथील बदलून दिलं, पुन्हा बदलून दिलं, शेवटी हात जोडले. केरबानं जाहीर केलं, की जगातलं सच्चं कथील संपलं. माणूस अख्ख्या जगावर संशय घेईल, स्वतःच्या कानावर घ्यायचा नाही. बाजाराचा गलका त्याला ऐकू येई. बायकोचं बोलणं तर येईच. ते कुणाला चुकलंय! फक्त सूक्ष्म, सूचिमुख, रेशीमधारेचे आवाज त्याच्या जगातून एकेक करून, चपला हातात घेऊन, निघून गेले होते.

त्याच्या बायकोला, अनुसयेला, मात्र चुलीपाशी बसूनही प्रत्येक कांडी ऐकू येत होती.

सांगावं, तर त्याचे कान गेले. न सांगावं, तर त्याची भट्टी गेली. इकडेही राख, तिकडेही राख. वर्षभर ती बाई दोन ढिगांच्या मधे गप्प उभी होती.

आज केरबानं उरलेली कांडी उचलली. कानाशी धरली. हलकेच वाकवली.

घरभर ते रडणं उमटलं. क्षीण, करकरीत, हिमकणांवरून कुणी अनवाणी चालावं तसं. केरबाचा चेहरा कोऱ्या आभाळासारखा.

“मुकंच,” तो म्हणाला. “अगं, तुला काय ऐकू आलं का?”

“न्हाई बा.”

“कायबी?”

“न्हाई म्हंते नव्हं! शिसंच असंल.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग गालातल्या गालात हसला.

“कांडी वाकली की तू दचकतीस, अनशे. दर येळी दचकतीस. वरीसभर बघतोय मी.”

तिच्या हातातली फुंकणी खाली टेकली.

“अवं, मग त्या पोपटशेटशी भांडत का हुता?”

“मग काय करू? भांडाण तेवढं ऐकू येतंय.”

ती हसली नाही. तोही पुढे हसला नाही. उठून तिच्याजवळ आला, मांडी घालून बसला, आणि कांडी तिच्या कानाशी धरली.

“कसं रडतंय, सांग की.”

तिनं तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्या आवाजाला कुणी नावच ठेवलं नव्हतं. ज्याला हवा त्याला तो ऐकू येत आला होता, पिढ्यान् पिढ्या, फुकट. तिनं ओठ मिटले, पुन्हा उघडले.

केरबा तिच्या ओठांकडे पाहत राहिला, तहानलेल्यासारखा. आणि ते मऊ, शुभ्र, सच्चं कथील त्याच्या बोटांत वाकत राहिलं, वाकत राहिलं, तिच्या एकटीच्या कानात रडत राहिलं.