सात्या म्हणून चारलेले खेकडे

देवमननं शेवटच्या खेकड्याचे पाय कात्रीनं कापले अन् एकटाच हसला.

"कायले दात काढून राह्यले?" त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं विचारलं.

"भाऊसिंग येते ना आता जेवाले. आज गंमत पाय त्याची."

देवमन अनसिंगचा नळ फिटिंगवाला. वय पन्नास, खोड्या पंधराच्या. नाल्यातले खेकडे त्यानं चार दिवस टोपल्यात ठेवले होते. त्यातल्या तीन खेकड्यांनी कात टाकली, अन् नवं कवच कडक व्हायच्या आत त्यानं ते उचलले. बोटानं दाबले तर भिजल्या पावासारखे मऊ. पोटाखालचं साफ केलं, तिखट-लसूण चोळलं, अंड्यात बुडवून टोस्टच्या चुऱ्यात घोळवले. कढईत पडले तसे फुलून सोनेरी झाले. पाय नाहीत, नांग्या नाहीत. कोणीही तळलेल्या सात्या, वारुळावरच्या अळंब्याच म्हटलं असतं.

भाऊसिंग तांड्यावरचा. वीस वर्षं दोघांनी मिळून पाइप टाकलेले. एकेकाळी खेकड्याच्या नांग्या दातानं फोडणारा हा माणूस, पण दोन महिन्यांपासून मटणाला शिवत नव्हता. कारण विचारलं तर नुसता हसायचा. देवमनला वाटे, डॉक्टरनं दम दिला असंल अन् गडी लपवून राह्यला.

"काय हाये हे?" ताटात पाहून भाऊसिंगनं विचारलं.

"सात्या. वारुळावर निंघाल्या होत्या. खाय."

भाऊसिंगनं एक खाल्ला. मग दुसरा. बोटं चाटली. "वयनी, अशा सात्या जिंदगीत नाई खाल्ल्या."

रुख्मिणीनं मान खाली घातली. देवमनच्या गालात हसू मावेना. तिसरा संपला की सांगायचं अन् त्याचं तोंड पाहायचं, एवढंच बाकी होतं.

तिसरा संपला. भाऊसिंगनं पाणी पिलं अन् हळू आवाजात म्हणाला, "कोनाले सांगू नोको, देवमन. आपल्या निता पोरीसाठी नवस बोललो मी पोहऱ्याच्या देवीले. दोन खेपा पोट्टीचं पोट खाली झालं. आता सातवा महिना लागला. बाळंत होईस्तोर मास तोंडात घालनार नाई म्हनलं. तू न इचारता माह्यासाठी येगळं रांधलं, म्हनून सांगतो."

देवमनचं हसू जिथल्या तिथं वाळलं. भाऊसिंग उठून गेला तरी तो ताटाकडंच पाहत होता.

"सांगा त्याले," रुख्मिणी म्हणाली.

"आपन कुठं नवस मानतो?"

"तो मानते ना."

"पोट्टीले काही झालं त जलमभर मलेच धरीन तो."

"अन् न सांगता झालं त तुमी कोनाले धरसान?"

सकाळी तो तांड्यावर गेला. भाऊसिंग ओट्यावर चहा पीत होता, निता आत भाकरी थापत होती. देवमन एरवी येताना दुरूनच शिव्या घालत यायचा. आज जवळ येऊन बसला अन् कानाशी बोलला, "त्या सात्या नोहोत्या, भाऊ. खेकडे होते. कात टाकलेले. मले मालूम नोहोतं नवसाचं."

भाऊसिंगनं कप खाली ठेवला. आत नितापाशी जळणाऱ्या चुलीकडं त्यानं पाहिलं. मग उठला, खळखळून चूळ भरली, पायातल्या चपला काढून दाराशी ठेवल्या.

"कुठं निंघाले?" त्याच्या बायकोनं, हिरीबाईनं बाहेर येत विचारलं.

"पोहऱ्याले जाऊन येतो. चालत."

"असं एकदम?"

"मनात आलं," भाऊसिंग म्हणाला. देवमनकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

देवमननंही चपला काढल्या. सोबत चालायची हिंमत नव्हती, म्हणून पन्नासेक पावलं मागं राहिला. ऊन चढलं. डांबर तापलं तसा भाऊसिंग कडेच्या मातीत उतरला. देवमन उतरला.

एका बाभळीपाशी भाऊसिंग थांबला. मागं वळला नाही.

"इथं काटे हायेत," तो म्हणाला. "डाव्या अंगानं ये."